वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंसाठी टी कशा मांडाव्यात

सोलापूरच्या आसपास गोल्फचे मैदान आखताना टीच्या जागा, म्हणजे प्रत्येक होलचा (एका खळग्यापर्यंतच्या टप्प्याचा) पहिला फटका जिथून मारतात त्या जागा, वय किंवा स्त्री-पुरुष या भेदावरून ठरवू नयेत. खेळाडूने ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या काठीने) मारलेला चेंडू सरासरी किती दूर जातो, हेच माप धरावे. अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘टी इट फॉरवर्ड’ उपक्रमानुसार २५० यार्ड मारणाऱ्याला १८ होलसाठी ६,२०० ते ६,४०० यार्डांची लांबी सुचवली आहे, तर २०० यार्ड मारणाऱ्याला ५,२०० ते ५,४०० यार्ड पुरतात.

एका होलचे उदाहरण घ्या. मागची टी खळग्यापासून ३६० यार्डांवर असेल, तर २५० यार्ड मारणाऱ्याला पुढचा फटका ११० यार्डांचा उरतो. त्याच प्रमाणात २०० यार्डवाल्याची टी २८८ यार्डांवर आणि १५० यार्डवाल्याची २१६ यार्डांवर आली, म्हणजे दुसऱ्या फटक्याला तिघांच्याही हातात साधारण सारख्याच जातीचा क्लब (गोल्फची काठी) येतो. पुढची टी फेअरवेच्या (टी ते खळग्यादरम्यानच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला कशीबशी टेकवणे मला पटत नाही; तिलाही सपाट, नीट राखलेला ओटा हवाच.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून खाली मुरूम दाबावा आणि पाणी निचरेल इतपतच उतार ठेवावा. नियमाने टीची हद्द मार्करपासून (टीची पुढची कड दाखवणाऱ्या दोन खुणांपासून) मागे दोन क्लबलांबी असते. त्यामुळे मार्कर ओट्याच्या मागच्या कडेला अगदी खेटून लावू नयेत. हिरवळ झिजू लागली की ते पुढे-मागे सरकवावेत.