चर्चामंडळ चालवायचं असेल तर आधी प्रश्न अरुंद करा

कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात चालू घडामोडींवर चर्चामंडळ सुरू होतं, तेव्हा पहिल्या बैठकीला चाळीस जण येतात आणि पाचवीला मंडळ काढणारे तिघंच उरतात. खापर मग 'आजकालच्या मुलांना काही पडलेलं नाही' यावर फुटतं. खरा दोष बहुतेक वेळा फळ्यावर लिहिलेल्या विषयात असतो. 'पर्यावरण आणि विकास', 'लोकशाहीपुढील आव्हाने', 'आरक्षण : शाप की वरदान' हे वक्तृत्व स्पर्धेचे विषय आहेत. त्यांवर सात मिनिटं टाळ्या घेत बोलता येतं, दीड तास एकमेकांशी बोलता येत नाही. कोण कशाबद्दल बोलतोय हे पहिल्या दहा मिनिटांतच हरवतं.

प्रश्न असा हवा की त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच खोलीतली समंजस माणसं असू शकतील आणि हातातला कागद वाचून त्यातला काही भाग तरी निकाली निघेल.

पश्चिम घाटाचं उदाहरण घ्या. 'पश्चिम घाट वाचवावा का?' यावर सगळे हो म्हणतात आणि चहा मागवतात. आता हेच बारीक करा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तिने अख्खा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले आणि निर्णयात ग्रामसभांना मोठी जागा ठेवली. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्रच तसं ठरवावं, असं म्हटलं. त्यानंतर केंद्राने हे संवेदनशील क्षेत्र ठरवण्यासाठी एकामागून एक मसुदा अधिसूचना काढल्या. ३१ जुलै २०२४ ची सहावी होती. तिच्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर आणि गोव्याचं १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आणि मुख्य म्हणजे तालुकावार गावांची नावं आहेत. म्हणून फळ्यावरचा प्रश्न असा लिहा : 'या यादीतलं आपल्या जिल्ह्यातलं अमुक गाव यादीत राहावं की वगळावं, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा?' आता खोलीतल्या भोर, महाबळेश्वर किंवा आजऱ्याच्या मुलाकडे सांगण्यासारखं काही असतं, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना प्रश्न विचारावे लागतात.

मसुदा हातात असला की अफवाही टिकत नाहीत. 'गावात घराला वीट लावता येणार नाही' हे कुणीतरी म्हणणारच. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी व वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, 'लाल' (सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या) गटातले नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं आणि ५० हेक्टरांपासून पुढच्या नगरवसाहती यांवर. असलेल्या घराची दुरुस्ती किंवा वाढ त्यात अडत नाही. हे वाचून झालं म्हणजे वाद संपत नाही, तो योग्य जागी येतो : दगडखाणीवर पोट असलेल्या कुटुंबांचं काय, आणि आज मसुद्यात नसलेली बंदी उद्या येईल या गावकऱ्यांच्या भीतीला आधार किती?

मोठ्या दुर्घटनेच्या आठवड्यात मात्र हा विषय घेऊ नका. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, केरळातल्या वायनाडची दरड बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला कोसळली. अशा दिवसांत माणसं शोक करत असतात, त्यांना अधिसूचनेचं कलम वाचायला लावणं क्रूर वाटतं. तीन आठवडे थांबा.

कागद दोनच पानांचा

प्रत्येक बैठकीला एक कागद, पाठपोट, म्हणजे दोन पानं. जास्त दिलं तर कुणी वाचत नाही, काहीच दिलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच माहिती खरी ठरते. कागद किमान ४८ तास आधी ग्रुपवर जावा आणि बैठकीत झेरॉक्स हातात असावी, कारण मोबाइलवर वाचणारा दुसऱ्याच मिनिटाला रीलवर असतो. कागदात तीन गोष्टी : मूळ दस्तऐवजातला उतारा (साधारण एक पान), तारखांची पट्टी (सात-आठ ओळी), आणि परस्परविरोधी दोन भूमिका प्रत्येकी सहा ओळींत. या भूमिका लिहून झाल्यावर त्या त्या बाजूच्या माणसाला दाखवा. 'होय, मी असंच म्हणेन' असं तो म्हणाला तरच छापा.

मूळ दस्तऐवज शोधायला राज्याच्या शासन निर्णयांचं (जीआर) संकेतस्थळ सर्वांत सोपं. प्रत्येक जीआरच्या वरच्या भागात 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. ती मागे मागे नेत गेलं की धोरणाची वंशावळ मिळते. बातमीत नसलेल्या अटी जीआरमध्येच सापडतात. 'मुलींचं उच्च शिक्षण मोफत झालं' हे वाक्य घ्या. ८ जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना तो लागू होतो, व्यवस्थापन कोटा वगळतो, आणि माफी आहे ती शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची. मेसचं बिल त्यात नाही. नव्या मंडळाने पहिली बैठक या विषयावर घ्यावी. प्रत्येकाच्या घरात, वर्गात याचा संबंध असतो आणि पक्षाचे झेंडे लगेच वर येत नाहीत.

जे कुठेच छापलेलं नाही ते माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून ऑगस्टमधल्या अर्जाची माहिती ऑक्टोबरच्या बैठकीला धरा, सप्टेंबरच्या नाही.

माणसं, खोली, वेळ

बारा ते अठरा हा आकडा बरा. आठच्या खाली गेलं की दोघांचा संवाद आणि बाकीचे प्रेक्षक होतात, वीसच्या वर सभा होते. त्याहून जास्त आले तर दोन खोल्या, तोच कागद. बाकं हलत नसलेली वर्गखोली टाळा. समोर टेबल मांडलं की कुणीतरी 'सर' बनतो. खुर्च्यांचं एकच कडं करा. चालवणारा दारापाशी बसतो, म्हणजे उशिरा आलेल्याला खुणेने जागा दाखवता येते.

वेळ मंगळवार किंवा बुधवारी साडेचार ते सहा. शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहातली मुलं एसटी पकडतात. सहानंतर गेलं की लांबून लोकलने येणाऱ्या मुली उठून जातात, आणि मग त्या 'येतच नाहीत' अशी नोंद होते. अंतर्गत परीक्षेचे आठवडे सुरुवातीलाच वेळापत्रकातून वगळा. पंधरा दिवसांनी एक बैठक, सत्रात सहा. दर आठवड्याचा हट्ट धरणारी मंडळं दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा भेटत नाहीत.

परवानगीचा अर्ज विभागप्रमुखांच्या नावाने, एका पानाचा : तारीख, वेळ, खोली, अंदाजे संख्या, जबाबदार शिक्षकाचं नाव आणि प्रश्न शब्दशः. 'चालू घडामोडींवर कार्यक्रम' असं मोघम लिहिलं की कार्यालय बिचकतं. 'दिनांक अमुकच्या मसुदा अधिसूचनेचे वाचन व चर्चा' असं लिहिलं की सही होते. आवक क्रमांक टाकलेली पोचप्रत स्वतःकडे ठेवा. बाहेरचा वक्ता आला की परवानगीचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून पहिल्या सत्रात वक्ता बोलावूच नका. तशीही आपल्याकडे व्याख्यानमालांची टंचाई नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. उणीव आहे ती ऐकून झाल्यावर बोलायच्या जागांची.

नव्वद मिनिटांचा हिशेब

पहिली दहा मिनिटं शांतपणे कागद वाचायचा, घरून वाचून आला असाल तरीही. पुढची तीन मिनिटं प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं : 'माझं आत्ताचं मत'. नाव नको. या तीन मिनिटांवर बाकीचं सगळं उभं राहतं. लिहिलेलं असलं की लाजाळू माणसाला वाचून दाखवता येतं आणि बोलक्याला वारा बघून पाठ फिरवता येत नाही.

मग एक फेरी, बसलेल्या क्रमाने, प्रत्येकी दीड मिनिट. हात वर करून बोलायची पद्धत फेरीनंतर. आधी ठेवली तर तेच चौघे हात वर करतात. संघटनांचे पदाधिकारी, संशोधक विद्यार्थी आणि शिक्षक फेरीत शेवटी. एचओडी पहिले बोलले की चर्चा तिथेच आटोपते, पुढचे सगळे 'सरांच्या मुद्द्याला पुढे नेत' बोलतात.

फेरीनंतर पस्तीस ते चाळीस मिनिटं मोकळी चर्चा, दोन मिनिटांची मर्यादा. घड्याळ दुसऱ्याकडे द्या. चालवणाऱ्याने स्वतःचं मत मांडायचं नाही, पण तीन वाक्यं सारखी वापरायची. एक : 'हे पाहिलेलं आहे, वाचलेलं आहे की ऐकलेलं?' तिन्ही चालतात, पण कोणतं ते सांगायचं. दोन : 'कागदात कुठे आहे?' तीन : 'विरोध करण्याआधी त्यांचं म्हणणं त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगा.' तिसरं सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. निम्मी भांडणं तिथेच विरतात, कारण समोरचा तसं म्हणालेलाच नसतो.

टाळ्या बंद. शेर, 'माझ्या तमाम मित्रांनो', हात उंचावून समारोप हेही बंद. शालेय वक्तृत्वाची सवय मोडायला दोन-तीन बैठका लागतात. चिडवू नका, फक्त 'मुद्दा सांगा' म्हणा. भाषा ज्याला जी येते ती. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, हिंदी, काहीही. मात्र तांत्रिक शब्द आला की तो फळ्यावर लिहून सोपा करणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी. 'क्रीमी लेयर' (मागासवर्गातला आरक्षणातून वगळलेला सुस्थितीतला गट) आणि 'दारिद्र्यरेषेच्या वर' हे एकच समजून बोलणारे प्रत्येक बैठकीत असतात.

शेवटची पंधरा मिनिटं मतदानासाठी वापरू नका. मतदान घेतलं की पुढच्या वेळी माणसं आपली माणसं घेऊन येतात. त्याऐवजी आधीच्या चिठ्ठीच्या मागे लिहायला सांगा : 'कोणती माहिती मिळाली तर माझं मत बदलेल?' 'कोणतीच नाही' हेही उत्तर आहे, तेही जपून ठेवा.

आरक्षणाची बैठक

ही टाळू नका, पण तिसऱ्या बैठकीच्या आधी घेऊ नका. नियम एकच आणि तो सुरुवातीला मोठ्याने वाचायचा : कुणाची जात, प्रवर्ग, सीईटीचे गुण, शिष्यवृत्ती विचारायची नाही, आणि कुणाला 'तुमच्या समाजाचं काय म्हणणं' असं म्हणायचं नाही. स्वतःहून कुणी सांगितलं तर ऐकायचं, त्यावर प्रश्नांची फैर नको.

प्रश्न निकालांवर बांधा. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५० टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि अपवादात्मक परिस्थितीसाठी फट ठेवली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या कायद्यातलं मराठा आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केलं. अशी अपवादात्मक परिस्थिती दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ७ नोव्हेंबर २०२२ ला आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने टिकलं आणि ५० टक्क्यांची मर्यादा त्याला आडवी आली नाही. राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा नवा कायदा केला. फळ्यावर लिहा : '२०२१ आणि २०२२ च्या निकालांतली मर्यादेबद्दलची कारणं एकमेकांशी जुळतात का?' या प्रश्नावर एकाच समाजातली दोन माणसं वेगळी बोलतात, आणि तेच हवं असतं.

तरीही आवाज चढलाच तर 'शांत व्हा' म्हणू नका, त्याने कुणी शांत होत नाही. दोन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, असं म्हणा. लिहिताना ओरडता येत नाही. कुणाच्या जातीवरून शेरा आला तर मात्र लिहिणं वगैरे नाही, बैठक तिथेच थांबवायची, शेरा मारणाऱ्याला बाहेर पाठवायचं आणि ज्याच्यावर आला त्याच्याशी जबाबदार शिक्षकांनी त्याच दिवशी बोलायचं.

नेहमीचे बिघाड

'मग तेव्हा तुम्ही कुठे होतात?' हा प्रश्न आला की तो फळ्याच्या कोपऱ्यात 'पुढची बैठक' म्हणून लिहून टाका. विचारणाऱ्याचा मान राहतो आणि विषयही.

व्हॉट्सअॅपवरचा आकडा आला तर खोडत बसू नका. आकडा, सांगणाऱ्याचं नाव आणि 'स्रोत बाकी' एवढं नोंदवहीत जातं. पुढच्या बैठकीत त्यानेच स्रोत आणायचा. दोनदा हे झालं की आकडे आपोआप कमी होतात.

चित्रीकरण नको, हे कड्याच्या मधोमध ठेवलेल्या पाटीवर लिहा. वीस सेकंदांची क्लिप बाहेर गेली की अर्धवट विचार बोलून बघायची सोय संपते, आणि अर्धवट विचार बोलून बघायला तर माणसं येतात. काय बोललं गेलं ते बाहेर सांगा, कोण बोललं ते नको.

एखादी संघटना एकदम दहा जण घेऊन आली तर अडवू नका. क्रमाने फेरी आणि दीड मिनिट हाच त्यावर उपाय. दहाही जण तेच वाक्य बोलले की तिसऱ्यानंतर त्यांनाच अवघडतं.

पर्यावरणाच्या विषयात कधी कधी चर्चेपुढे जावंसं वाटतं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध असावा लागतो. तो मराठी सारांश हाच बैठकीचा कागद करा. सुनावणीसाठीचं लेखी म्हणणं ज्याने त्याने स्वतःच्या नावाने पाठवावं. मंडळाच्या नावाने एकच निवेदन काढलं की सहमत नसलेले चौघे पुढच्या वेळी येत नाहीत.

नोंदवहीत प्रत्येक बैठकीला एकच पान : तारीख, प्रश्न, हजर किती, पहिल्यांदा बोललेले किती, मतभेदाचे तीन मुद्दे, स्रोत बाकी असलेल्या गोष्टी. 'पहिल्यांदा बोललेले' हा रकाना सलग दोन बैठका शून्य राहिला तर चालवणारा बदला. फेब्रुवारीत वही दुसऱ्या वर्षाच्या दोघांकडे द्या आणि सत्राची शेवटची बैठक त्यांनाच चालवू द्या. एप्रिलमध्ये द्यायची म्हटलं तर तृतीय वर्षाची मुलं परीक्षेत अडकतात आणि वही त्यांच्या कपाटात राहते.