जिन्याखालची सायकल गावी पाठवण्याआधी

सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल गणपतीला गावी न्यायची, हा विचार फार चांगला. पण तिथे ती रोज चालायला हवी असेल तर एक कसोटी लावा: बिघडली तर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ती दुरुस्त होईल का? गिअर आणि शॉकअबची सायकल बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात पडवीत उभी राहते. म्हणून दुरुस्ती मुंबईतच उरका आणि सायकल साधी करून पाठवा.

आधी टायर. बाजूच्या रबराला चिरा गेल्या असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. दुकानात नुसतं ‘सव्वीसचा’ सांगू नका, टायरवरचा पूर्ण आकडा सांगा. 26 × 1⅜ टायरचा रिम 590 मिमीचा असतो, 26 × 1.95 चा 559 मिमीचा. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. नेमकी हीच चूक गावी पोचल्यावर कळते. त्याच मापाच्या दोन ट्यूब सोबत द्या. जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते. ती सुकली की पंक्चर नसतानाही रात्रीत हवा उतरते. तिचे चार तुकडे पुडीत बांधून द्या.

सायकल उभी राहिली की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीतलं, ग्रीस सुकतं आणि मुंबईच्या खाऱ्या हवेने आतले छर्रे (लोखंडी गोळ्या) गंजतात. चाक हाताने फिरवा. खरखर लागली तर हब उघडायलाच हवा. छर्रे नवे घाला, मागच्या हबला बहुधा पाव इंची, प्रत्येक बाजूला 9. ग्रीस भरा आणि कोन (छर्ऱ्यांना जागेवर धरणारा शंकूसारखा नट) असा आवळा की चाक मोकळं फिरेल, पण डुगणार नाही. चेन रॉकेलने धुवून पूर्ण सुकवा, प्रत्येक कडीच्या जोडावर एक थेंब तेल सोडा आणि वरचं तेल फडक्याने पुसा. चेनला बाहेरून ग्रीस फासू नका, कोकणातली लाल माती त्याला चिकटून चेन झिजवते.

गिअर काढायचे तर फ्रेममध्ये मागचं चाक जिथे बसतं ती खाच बघा. ती आडवी असेल तर 18 दात्यांचं साधं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) लावा आणि चाक मागे ओढून चेन ताणा. मधोमध दाबल्यावर चेन अर्धा इंच हलली पाहिजे. खाच उभी असेल तर चेन ताणायला जागाच नसते. तेव्हा मागचा गिअर राहू द्या, चढाला झेपेल अशा मधल्या चक्रावर आणून केबल तिथेच कायमची आवळा.

कॅरियर आणि चेन कव्हर यांत काटकसर नको. दळण, दप्तर, बाजार कॅरियरवर जातो; ओढणी किंवा साडी चेनमध्ये अडकण्याची भीती असेल तर घरातल्या बायका सायकलला हात लावणार नाहीत.

सीट ज्याची त्याला: टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा. नवशिक्याला थोडी खाली चालेल.

ब्रेकचं रबर रिमपासून 2 मिमीवर ठेवा. स्टीलचा रिम ओला झाला की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उताराच्या आधीच ब्रेक हलके धरून रिमवरचं पाणी निपटायचं, हे चालवणाऱ्याला प्रत्यक्ष करून दाखवा.

क्रँकला (पायडलच्या दांड्याला) कॉटर, म्हणजे तो आसाला पक्का धरणारी नटवाली खीळ, असेल तर एक पान्हा घरी ठेवायला सांगा. नवा कॉटर पहिल्या आठवड्यात बसतो आणि त्याचा नट सैल होतो. पायडल मारताना टक्क आवाज आला की लगेच आवळायचा. तसंच चालवत राहिलं तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि क्रँकच बदलावा लागतो.