ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालाय, पण कायमचं जायचं अजून ठरत नाहीये?

रत्नागिरी, चिपळूणकडची बरीच पोरं विचारतात की १८९ व्हिसा (कुशल लोकांना मिळणारा पीआर व्हिसा) लागला पण घरचं बांधकाम अर्धवट आहे, नोकरीचा नोटीस पिरियड आहे, मग आत्ता नुसतं आठवडाभर जाऊन आलं तर चालतं का. चालतं!

आधी ग्रँट लेटर (व्हिसा मंजुरीचं पत्र) उघडा आणि पहिल्या एन्ट्रीची शेवटची तारीख बघा. त्या तारखेच्या आत व्हिसावर नाव असलेल्या प्रत्येकाने, म्हणजे बायको-मुलांनी पण, एकदा तिथे उतरायलाच हवं. नंतर खुशाल परत या, गणपती करा, ग्रँटपासून ५ वर्षं कितीही वेळा ये-जा करता येते. पण ही ५ वर्षं घरी बसून घालवू नका हो, कारण ती संपल्यावर पुढे ये-जा करायला ५ वर्षांचा रिटर्न व्हिसा हवा तर मागच्या ५ वर्षांत २ वर्षं तिथे राहिलेलं लागतं, आणि सिटिझनशिपला ४ वर्षांचा मुक्काम बघतात, त्या काळात तुम्ही किती दिवस बाहेर होतात तेही तपासतात. १९० वाल्यांनी (म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याने नाव सुचवून व्हिसा मिळालेल्यांनी) त्या राज्यात राहण्याचा दिलेला शब्द पण लक्षात ठेवा.

गेलात की टॅक्स फाईल नंबरचा अर्ज तिथूनच ऑनलाईन करा, बँकेत जा, भाड्याच्या घरांचे एरिया आणि शाळा स्वतः फिरून बघा, याच्यासाठीच ही ट्रिप सोन्यासारखी आहे.

बॅगेत ताजा हापूस अजिबात नको. आमसुलं, मसाला, सुकी मासळी असेल तर तिथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर लिहाच, लपवलं तर मोठा दंड बसतो.