दुसऱ्या गुरूंच्या तबला क्लासला बसायला जाताना

आधी आपल्या गुरूंना सांगा. विचारायचा संकोच वाटतो म्हणून मुलं गपचूप जातात, पण नाशिकच्या तबल्याच्या वर्तुळात गपचूप काही राहत नाही. सकाळी गंगापूर रोडला बसलात की संध्याकाळी पंचवटीत माहीत! 'कला सगळ्यांची, परवानगी कसली?' असं सांगणाऱ्याने बहुधा कुणाकडे सलग सहा महिनेही शिकलेलं नसतं.

मग ज्यांच्याकडे जायचं त्यांना फोन. कुणाकडे शिकता, किती वर्षं, नुसतं ऐकायचंय की वाजवायचंही आहे, एवढं पुरे. फीचंही तेव्हाच विचारून घ्या; दारात पाकिटावरून ओढाताण नको.

दहा मिनिटं आधी पोचा. नाशिक रोडहून निघणार असाल तर द्वारकेच्या चौकासाठी जादा अर्धा तास धरा. 'द्वारकेवर अडकलो' हे कारण या शहरात आता कुणी ऐकूनही घेत नाही. चप्पल बाहेर, फोन बंद, नमस्कार, मागची जागा. तबला ओलांडून जाऊ नका, आणि स्वर उतरल्यासारखा वाटला तरी हातोडीला हात लावू नका.

इथवर सगळं सोपं आहे. अडचण पुढे, जेव्हा तासभर ऐकून झाल्यावर सर म्हणतात, 'ये, बस. वाजव काहीतरी.'

एकोणीस वर्षांची असताना मी इथेच तोंडावर आपटले. 'धाधा तिट धाधा तूंना' हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे फिरवून वाढवत न्यायची तबल्याच्या बोलांची रचना, घेतला. प्रत्येक तबलजीला येतो, म्हणून मी निर्धास्त. सरांनी थांबवलं : 'ति नुसत्या मधल्या बोटाने घे.' मी म्हटलं, 'आमच्याकडे मधलं बोट आणि अनामिका जोडून घेतात.' ते म्हणाले, 'असेल. इथे एका बोटाने घे.' तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? मी माझ्या गुरूंचं नाव पुढे केलं. सर काही बोलले नाहीत, शेजारच्या मुलाकडे वळले. उरलेला पाऊण तास मी तिथे असून नसल्यासारखी.

चूक बोटाची नव्हती. दिल्लीचा बाज, म्हणजे वाजवण्याची ढब, चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा), दोन बोटांचा, बंद. पूरबेकडे, म्हणजे लखनौ, फर्रुखाबाद, बनारसला, पखवाजाचा खुला हात तबल्यात आला. लखनौला कथकाच्या साथीने तो आणखी मोकळा झाला. त्यामुळे एकाच बोलाचा निकास (तो हातातून काढायची रीत) दोन ठिकाणी वेगळा, आणि दोन्ही बरोबर. हे त्या सरांना माझ्यापेक्षा निदान तीस वर्षं आधीपासून माहीत होतं. 'आमच्याकडे' हा शब्द घरी ठेवून जा, एवढंच मी आता माझ्याकडच्या मुलांना सांगते.

'आत्मविश्वासाने वाजव, आपलं घराणं दिसू दे' हा सल्लाही कानाआड करा. धावता रेला (सलग जलद बोलांची रचना) तर मुळीच नको. दोन वर्षं हातात मुरलेला छोटा कायदा घ्या : बरोबरीची लय, दुगुन (दुप्पट लय), दोन पलटे (त्याच बोलांची उलटापालट), शेवटी तिहाई (तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा). चार मिनिटांत हात खाली. दुरुस्ती सांगितली की 'हो' म्हणा आणि तिथल्या तिथे तसं वाजवून बघा. हात मोडणारच. नव्या बोटाचा 'तिट' दुगुनीत हमखास सांडतो, म्हणून लय उतरवा आणि ठायमध्ये, म्हणजे संथ लयीत, दहा वेळा घ्या. मोडका हात बघून कुठलेही सर रागावत नाहीत. न ऐकणारा कान मात्र त्यांना लगेच कळतो. शंका असेल तर क्लास सुटल्यावर विचारा, 'सर, हे असं का घेतात?' मी पाहिलंय, या एका प्रश्नावर लोक अर्धा तास उभ्याने शिकवतात.

त्यांचे विद्यार्थी वाजवत असताना मांडीवर ठेका धरू नका. तुमची लय पुढे गेली तर त्यांची सम (तालाची पहिली मात्रा) चुकते. वहीत लिहून घ्यायच्या आधी विचारा. रेकॉर्डिंग नको, आणि तिथून आणलेल्या कायद्याचं रील तर अजिबात नको.

परतल्यावर जे झालं ते आपल्या गुरूंना सांगा, आपली फजिती धरून. मी आठवडाभर टाळलं. शेवटी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी तोच 'तिट' एका बोटाने स्वच्छ वाजवून दाखवला, महिनाभर माझ्याकडून घासून घेतला आणि म्हणाले, 'आता परत जा.'

दुसरा फोन करायला मला आणखी तीन आठवडे लागले. सरांनी फक्त विचारलं, 'मंगळवारी जमेल?'