कॉर्फबॉलच्या हौशी चषक स्पर्धेत सवलतीचे गोल कसे ठरवावेत

कॉर्फबॉल हा उंच खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकून गोल करण्याचा सांघिक खेळ. त्याच्या चषक स्पर्धेच्या सोडतीत वरच्या श्रेणीतला मुरलेला संघ आणि खालच्या श्रेणीतला नवखा संघ समोरासमोर आले, की निकाल बहुधा सामन्याआधीच ठरलेला असतो. हौशी स्पर्धांमध्ये संघ मोजकेच असल्यामुळे अशा गाठी टाळता येत नाहीत, म्हणून दुबळ्या संघाला आरंभीच काही गोलांची आघाडी देण्याची, म्हणजे हँडिकॅपची, पद्धत अनेक संयोजक स्वीकारतात. या लेखात त्या गोलांना सवलत म्हटले आहे. सवलत किती द्यावी, कशाच्या आधारे ठरवावी आणि गुणफलकावर कशी मांडावी, हे प्रश्न सोडतीपूर्वीच निकालात निघाले पाहिजेत. पहिला सामना झाल्यानंतर केलेला नियम, तो कितीही न्याय्य असला तरी, कोणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा दिसतो.

सवलत गोलांतच का द्यावी, याचे उत्तर या खेळाच्या घडणीत आहे. निको ब्रुखाउझेन या डच शिक्षकाने १९०२ मध्ये हा खेळ मांडला तेव्हापासून स्त्री-पुरुषांनी एकत्र, समान संख्येने खेळणे हा त्याचा पाया राहिला आहे. आठ जणांच्या संघात चार स्त्रिया व चार पुरुष असतात आणि मैदानाच्या आक्रमणाच्या व बचावाच्या अशा दोन भागांपैकी प्रत्येकात त्यांपैकी दोन-दोन उभे राहतात. बलवान संघाने एक खेळाडू कमी घेऊन खेळावे, ही सूचना ऐकायला सोपी वाटते. परंतु स्त्रीने स्त्रीला व पुरुषाने पुरुषाला अडवायचे असल्यामुळे एक माणूस कमी झाला, की एका भागातली सगळी जुळणी मोडते. साडेतीन मीटर उंचीची टोपली एका संघासाठी आणखी वर चढवणे हा तर खेळच बदलण्याचा प्रकार होय. दुबळ्या संघाचा प्रत्येक गोल दीडपट धरावा, असाही पर्याय सुचवला जातो. त्यात दुबळ्या संघाचा एकही गोल झाला नाही तर सवलत शून्य राहते आणि गोल धडाधड झाले तर ती बेसुमार फुगते. गोल कुठूनही केला तरी त्याचा एकच गुण मिळत असल्यामुळे गोल हेच स्वच्छ माप आहे, आणि आरंभी दिलेले ठरावीक गोल ही माझ्या मते हौशी स्पर्धेसाठी सर्वांत सरळ रीत आहे.

आता सवलतीचा आकडा काढण्याकडे वळू. श्रेणीवरून सवलत ठरवणे, म्हणजे एका श्रेणीच्या अंतराला इतके गोल असे सांगणे, सोपे असते. मात्र एकाच श्रेणीतला पहिला आणि शेवटचा संघ यांच्यात कधीकधी दोन श्रेणींइतके अंतर असते, हे त्यात हरवते. उलट केवळ अलीकडच्या निकालांवर विसंबले, तर दोन-तीन सामन्यांच्या योगायोगाला अवाजवी महत्त्व मिळते. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा. प्रत्येक संघाला एक मानांक द्यावा, आणि दोन संघांच्या मानांकांतील फरक म्हणजे ६० मिनिटांच्या सामन्यात अपेक्षित असलेला गोलफरक, असा त्याचा अर्थ ठेवावा. आरंभी प्रत्येक संघाचा मानांक म्हणजे त्याच्या श्रेणीचा आधारांक, म्हणजे त्या श्रेणीसाठी आधीच धरलेला आकडा. मग संघाच्या प्रत्येक सामन्यातला गोलफरक ६० मिनिटांच्या प्रमाणात आणून त्यात प्रतिस्पर्ध्याचा मानांक मिळवावा आणि या बेरजांची सरासरी काढावी. प्रतिस्पर्ध्याचा मानांक मिळवल्यामुळे बलवान संघाशी चार गोलांनी हरणे आणि दुबळ्या संघाशी चार गोलांनी हरणे यांतला भेद हिशोबात उतरतो. ही सरासरी सामन्यांच्या संख्येने गुणावी, त्यात श्रेणीच्या आधारांकाची सहापट मिळवावी आणि आलेल्या बेरजेला सामन्यांची संख्या अधिक सहा याने भागावे. ज्याचे सामने कमी, तो संघ श्रेणीच्या आधारांकाजवळ राहतो. ज्याचे सामने अधिक, त्याचा मानांक त्याच्या स्वतःच्या कामगिरीने ठरतो. सर्व संघांचे नवे मानांक आले, की तेच वापरून हिशोब पुन्हा करावा आणि आकडे स्थिरावेपर्यंत करत राहावे. संगणकावरील साध्या तक्त्यात हे काम सहज होते.

उदाहरण घेऊ. वरच्या श्रेणीचा आधारांक अधिक ४ आणि खालच्या श्रेणीचा उणे ४ आहे, असे धरू. वरच्या श्रेणीतल्या अ संघाचे सहा सामने झाले आणि त्याची सरासरी अधिक ६ आली, तर सहा गुणिले सहा म्हणजे ३६, त्यात चाराची सहापट म्हणजे २४, एकूण ६०, आणि त्याला १२ ने भागून मानांक अधिक ५ येतो. खालच्या श्रेणीतल्या ब संघाचेही सहा सामने झाले आणि त्याची सरासरी उणे १ असेल, तर उणे ६ आणि उणे २४ मिळून उणे ३०, आणि १२ ने भागून उणे अडीच. दोघांतला फरक साडेसात गोलांचा झाला. या हिशोबात मोठ्या विजयांना मर्यादा घालणे आवश्यक आहे. बारा गोलांपेक्षा मोठा फरक बाराच धरावा, कारण सामना हातात आल्यावर बलवान संघ राखीव खेळाडूंना उतरवतो किंवा उतरवत नाही, आणि त्यापुढचा फरक संघाच्या ताकदीपेक्षा प्रशिक्षकाच्या निवडीबद्दलच अधिक सांगतो. प्रतिस्पर्धी न आल्यामुळे बहाल झालेला सामना मोजूच नये.

साडेसातचा फरक आला म्हणून साडेसात गोलांची सवलत द्यायची का, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पूर्ण फरक दिला तर दोन्ही संघांना जिंकण्याची संधी सारखी होते. सोळा संघांच्या बाद फेरीत चार सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा झाला, तर प्रत्येक संघाला चषकाची संधी सोळात एक, मग त्याने वर्षभर सराव केलेला असो वा नसो. पूर्ण सवलतीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: ती फक्त आधीपासून माहीत असलेला फरक पुसते, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत सुधारलेला संघ जिंकतो, आणि सुधारणेचे कौतुक हाच स्पर्धेचा हेतू असेल तर ते योग्यच आहे. तरीही मी ८० टक्के सवलतीच्या बाजूने आहे. ६० मिनिटांत एका संघाचे सरासरी २० आणि दुसऱ्याचे १० गोल होतात, असे माना. एकूण गोल तीसच्या आसपास असले, की नशिबामुळे गोलफरक साधारण साडेपाच गोलांनी इकडेतिकडे होतो (तीसचे वर्गमूळ जवळपास तितकेच आहे). अशा जोडीत सवलत नसेल तर बलवान संघ शंभरात सुमारे ९६ वेळा जिंकेल. आठ गोलांची सवलत दिली तर तो शंभरात साठाहून थोडे अधिक वेळा जिंकेल. दुबळ्या संघाला खरी आशा राहते आणि बलवान संघाच्या मेहनतीलाही मोल उरते. गोल्फमध्येही, २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत वैयक्तिक स्ट्रोक प्लेसाठी (एकूण फटके मोजून निकाल लावण्याच्या प्रकारासाठी) पूर्ण नव्हे तर ९५ टक्के सवलतीची शिफारस आहे. कॉर्फबॉलमध्ये मानांक काढायला सामने फार थोडे असतात आणि अंदाज चुकण्याचा धोका मोठा असतो, म्हणून आपण आणखी हात राखून राहावे.

सामन्याचा कालावधी हिशोबात धरायला संयोजक पुष्कळदा विसरतात. आपल्या उदाहरणात साडेसातचे ८० टक्के म्हणजे सहा गोल; पण सामना ४० मिनिटांचा असेल तर त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे चारच गोल द्यायचे. एका दिवसात उरकायच्या स्पर्धेत २० मिनिटांचे सामने असतात, तिथे दोनच. छोट्या सामन्यात नशीब आपणहून अधिक काम करते: वर घेतलेल्या वीस-दहाच्या जोडीचा सामना २० मिनिटांचा केला, तर बलवान संघाची विनासवलत संधी ९६ वरून ८५ च्या आसपास उतरते. त्यामुळे फार छोट्या सामन्यांत ८० ऐवजी ७० टक्के सवलत ठेवली तरी चालेल. सवलतीला वरची मर्यादाही हवी. ६० मिनिटांच्या सामन्यात दहा गोलांपलीकडे जाऊ नये. त्याहून मोठी दरी असेल तर ती सवलतीने भरण्यापेक्षा पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळा दुय्यम चषक ठेवणे अधिक बरे.

बरोबरीचा प्रश्न अर्ध्या गोलाने सोडवावा. हिशोबाने आलेल्या आकड्याचा पूर्णांक घ्यावा आणि त्यात अर्धा मिळवावा. चार असोत, ४.३ असोत वा ४.९, सवलत साडेचार ठरते आणि मूळ आकड्यापासून ती कधीही अर्ध्या गोलापेक्षा दूर जात नाही. पूर्ण आकड्याची सवलत देऊन बरोबरीनंतर सुवर्ण गोलावर, म्हणजे पुढचा गोल जो करेल तो जिंकेल अशा रीतीने, निकाल लावण्याची पद्धत मला अन्यायकारक वाटते. वीस-दहाच्या जोडीत पुढचा गोल बलवान संघाचा असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते, म्हणजे सवलतीने जे दिले तेच अखेरच्या क्षणी काढून घेतले जाते. हिशोबाने आलेली सवलत एका गोलाहून कमी असेल तर मात्र ती देऊच नये. असे संघ जवळपास तुल्यबळ असतात आणि त्यांच्यातली बरोबरी सुवर्ण गोलाने फोडण्यात काही वावगे नाही.

गुणफलकाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, आणि याचे कारण अन्य खेळांत सापडत नाही. कॉर्फबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून दर दोन गोल झाले, की भागबदल होतो. आक्रमण करणारे चौघे बचावाला जातात आणि बचाव करणारे आक्रमणाला येतात. सवलतीचे गोल या मोजणीत कधीही धरायचे नाहीत, हे नियमपत्रात स्पष्ट लिहावे. भागबदल एक गोल आधी किंवा नंतर झाला, तर ज्या संघाचे चांगले नेमबाज एकाच चौकडीत आहेत त्याला फुकटचा लाभ किंवा फटका बसतो. पंच आणि गुणलेखक सवयीने फलकावरची बेरीज पाहतात: बेरीज सम झाली की भागबदल. सवलत सम असेल तर ही सवय बिघडत नाही. पण सामना पाच-शून्यने सुरू झाला असेल, तर पहिल्या दोन गोलांनंतर फलकावर सात-शून्य, सहा-एक किंवा पाच-दोन असेल, म्हणजे बेरीज नेहमी सातच. तेव्हा विषम सवलतीच्या सामन्यात भागबदल बेरीज विषम झाल्यावर येतो, ही गोष्ट सामन्याआधी गुणलेखकाच्या मेजावर ठळक लिहून ठेवावी. अर्धा गोल फलकावर दाखवता येत नसेल तर संघाच्या नावाशेजारी एक खूण पुरे.

सवलत फलकावर दाखवूच नये आणि शेवटी मिळवावी, असे काहींचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. आपण पुढे आहोत की मागे, हे मैदानावरच्या सोळाही जणांना शेवटच्या पाच मिनिटांत ठाऊक असले पाहिजे. त्यावरच धोका पत्करायचा की नाही हे ठरते. निम्मी सवलत पूर्वार्धात आणि निम्मी उत्तरार्धात देण्यानेही निकालात काही फरक पडत नाही, चुकांची जागा तेवढी वाढते. म्हणून फलकावर सवलतीसह गोल आणि गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष गोल, अशा दोन नोंदी ठेवाव्यात. पुढचे मानांक काढताना प्रत्यक्ष गोलच लागतात. साखळी फेरीत समान गुणांचे संघ वेगळे करायचे असतील तर मात्र गोलफरक सवलतीसह धरावा. नाहीतर विजय एका मापाने आणि क्रमवारी दुसऱ्या मापाने, असा घोळ होतो.

सवलत संघाला मिळते, पण मैदानात उतरतात माणसे. एखाद्या क्लबने आपल्या तिसऱ्या संघाच्या मानांकावर सवलत घेऊन पहिल्या संघातले दोन खेळाडू खेळवले, तर सगळा हिशोब व्यर्थ जातो. त्यासाठी सोडतीपूर्वी प्रत्येक संघाकडून खेळाडूंची यादी घ्यावी, आणि वरच्या संघातून नियमित खेळणारा खेळाडू आल्यास प्रत्येकामागे किती सवलत कमी होईल हे आधीच जाहीर करावे. ४० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूमागे एक गोल हे माप मला वाजवी वाटते. मुद्दाम हरून मानांक पाडण्याची शंका हौशी खेळात क्वचितच खरी असते. तरी हंगामाच्या अखेरीस मानांक एका ठरावीक मर्यादेपेक्षा, समजा दोन गोलांपेक्षा, खाली जाणार नाही असा नियम ठेवला की तिला जागाच उरत नाही. वर जाण्याला अशी मर्यादा नको.

मानांक आणि त्यांचा हिशोब सर्व कर्णधारांना सोडतीच्या आठवडाभर आधी द्यावा, हरकतींसाठी तीन दिवस ठेवावेत आणि त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत आकडा बदलू नये, चूक उघड दिसली तरीही. ती पुढच्या वर्षीच्या मानांकात दुरुस्त होते. पाऊस किंवा दुखापतीमुळे सामना मधेच थांबला आणि निकाल द्यावाच लागला, तर खेळलेल्या मिनिटांच्या प्रमाणात सवलत पुन्हा मोजावी: ४० मिनिटांसाठी हिशोबाने चार गोल आले असतील आणि ३० मिनिटांवर खेळ थांबला असेल, तर तीन अधिक अर्धा, म्हणजे साडेतीन गोल धरून निकाल जाहीर करावा.