विश्वास झिजवणाऱ्या वृत्ती कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर काय करावे

ज्यांचा विश्वास एका झटक्यात मोडला अशी माणसे मी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, फार थोडी पाहिली. ज्यांचा विश्वास झिजला अशी पुष्कळ पाहिली, आणि काही काळ मी स्वतःही त्यांच्यातच होतो. मोडण्याला एखादा मृत्यू, एखादा घोटाळा असे काहीतरी निमित्त असते, त्यामुळे ते चारचौघांच्या डोळ्यांवर येते. झीज मात्र दिसत नाही, कारण रविवारची उपासना चालू असते, अर्पणाचे पाकीट वेळेवर जात असते आणि जेवणापूर्वीची प्रार्थनाही तोंडपाठ होत असते. ही झीज ज्या वृत्तींमुळे होते त्या सहसा वाईट म्हणून समोर येत नाहीत. कोणी न्यायप्रियतेचा अंगरखा घालून येते, कोणी कृतज्ञतेचा, तर कोणी भक्तीचाच. म्हणून प्रत्येक वेळी आधी अंगरखा उतरवून पाहावा आणि उपायाचा विचार त्यानंतर करावा.

सर्वांत आधी एक नाव या यादीतून काढून टाकले पाहिजे, ते म्हणजे शंकेचे. येशूच्या पुनरुत्थानाची बातमी ऐकून ‘पाहिल्याशिवाय मानणार नाही’ म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला आपण उगाचच बदनाम केले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याची शंका सांगितल्यानंतर आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात आहे. पटले नाही म्हणून तो निघून गेला नाही, आणि इतरांनीही त्याला बाहेर काढले नाही. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार अशा विषयांवर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींना इतके प्रश्न विचारले की त्या पत्रव्यवहारातली नाराजी आजही वाचताना जाणवते. पुढे रमाबाईंनी आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या कथनात, प्रांजळपणे लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नव्हता. तो गवसायला त्यांना पुढची काही वर्षे लागली, आणि याच बाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगाव येथे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. तेव्हा शंका आली म्हणून घाबरू नये. ती वहीत तारीख घालून लिहावी आणि महिन्याभराच्या आत पाळकांना किंवा फादरांना विचारावी. विचारलेला प्रश्न विश्वासाला फारसे काही करत नाही. ‘असे विचारणेसुद्धा पाप’ म्हणून गिळलेला प्रश्न मात्र आतून पोखरतो.

आता पहिली खरी वृत्ती: मला काही कमी नाही, असे वाटणे. बायबलमधील शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, तिसऱ्या अध्यायातील लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेले पत्र याच वृत्तीवर आहे, आणि ते नीट समजण्यासाठी ते गाव समजावे लागते. आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ त्याचे अवशेष आहेत. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने हे शहर पाडले, तेव्हा रोमची मदत न घेता तेथील लोकांनी ते स्वतःच्या पैशाने उभे केले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. इतके सधन असूनही गावाला चांगले पाणी नव्हते. उत्तरेला सुमारे १० किलोमीटरवर हिरापलीचे गरम झरे होते, ज्यात लोक दुखणी घेऊन उतरत. दुसऱ्या बाजूला कलस्सै येथे थंड पाणी मिळे. लावदिकीयात मात्र दगडी नळांतून आलेले, क्षार भरलेले पाणी पोहोचत असे, आणि त्या नळांमध्ये साचलेला चुन्याचा थर आजही पाहायला मिळतो. ‘तू थंड नाहीस, गरमही नाहीस’ या वाक्यातील गरम म्हणजे भक्तीने पेटलेला आणि थंड म्हणजे देवाला नाकारणारा, असा अर्थ आपल्याकडे प्रवचनांतून नेहमी सांगितला जातो. मला तो पटत नाही. गरम पाणी दुखणाऱ्या सांध्यांना उपयोगी, थंड पाणी तहानलेल्याला उपयोगी. कोमट पाणी कोणाच्याच कामाचे नाही, आणि ज्यांना ते सांगितले जात होते ते तर स्वतःला काहीच उणे नाही असे म्हणत होते.

आपल्याकडे ही वृत्ती तिसऱ्या-चौथ्या पिढीत हमखास येते. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावात पाणवठ्यापासून वाटणीपर्यंत सगळ्यावर पाणी सोडावे लागले होते. पणतूला शाळा, नोकरी, दफनभूमीतली जागा हे सगळे आयते मिळाले. पणजोबांनी विश्वास ठेवला, आपण त्यांचा फोटो ठेवला, असे मी एकदा तरुणसंघात म्हणालो होतो आणि काही वडीलधाऱ्यांना ते झोंबले होते. ओळखण्याची खूण अशी: देवाचे आभार मानताना आपण नकळत आपल्याच मालमत्तेची यादी वाचतो. उपाय म्हणून एखादे असे काम अंगावर घ्यावे, जे आपल्याला सहज जमणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या माणसाकडे दर आठवड्याला ठरल्या वारी जावे, आणि तेही फळे देऊन परत न येता तासभर बसावे. आपले शब्द किती लवकर संपतात, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळते, आणि खरी प्रार्थना बहुधा तिथून पुढे सुरू होते.

दुसरी वृत्ती माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक लिहितो. मी अकरा वर्षे एका मंडळीचा खजिनदार होतो. एका वर्षी कित्येक वर्षे देवळाची पायरी न चढलेला एक तरुण परत आला, त्याची साक्ष झाली, लोकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि नाताळच्या कार्यक्रमाची सगळी जबाबदारी त्याच्याकडे गेली. माझ्या मनात अढी बसली. भांडण केले नाही, राजीनामा दिला नाही. फक्त शेवटच्या बाकावर बसू लागलो. अर्पणाची थैली फिरायला लागली की नाण्यांच्या आवाजावरून आजची रक्कम किती असेल याचा अंदाज करायचो, आणि गायनात पेटीचा सूर चुकला की मला बरे वाटायचे. हे जवळपास वर्षभर चालले, आणि त्या काळात मी स्वतःला न्यायाची चाड असलेला माणूस समजत होतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट आहे: धाकटा मुलगा घर सोडून सगळे उधळतो, आणि परत आल्यावर बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. त्यातला थोरला मुलगा हा असाच आहे. तो घर सोडत नाही, शेतातून वेळेवर परततो, पण गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून अंगणातच थांबतो. त्याचे बोलणे सावकाश वाचावे. मी इतकी वर्षे तुमची चाकरी केली, असे तो बापाला म्हणतो, आणि तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते गुलामाच्या राबण्याचे आहे. मला कधी साधे करडूही दिले नाही, हा त्याचा हिशेब. आणि परत आलेल्या माणसाला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात तेच शब्द हळूच दुरुस्त करतो: ‘हा तुझा भाऊ’. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन, पण सर्वनामाची ही दुरुस्ती माझ्या लक्षात आली ती त्या शेवटच्या बाकावर बसलेलो असतानाच.

तेव्हा या वृत्तीची खूण जिभेवर शोधावी. ‘आपली मंडळी’ जाऊन ‘तुमची मंडळी’, ‘ही कमिटीवाली मंडळी’, ‘हे लोक’ असे शब्द तोंडी येऊ लागले की आत काहीतरी बिनसले आहे, असे समजावे. पहिला उपाय म्हणजे शब्द बदलणे. मन बदलण्याची वाट पाहू नये. दुसरा उपाय अधिक अवघड आहे. ज्याच्याबद्दल अढी आहे त्याच्या हाताखालचे एखादे छोटे, नाव न होणारे काम मागून घ्यावे. मी खुर्च्या मांडण्याचे काम मागितले. तिसऱ्या रविवारपर्यंत माझी चिडचिड कमी झाली, असे मी म्हणणार नाही, पण माणसाबरोबर खुर्च्या उचलताना त्याचा द्वेष करणे जड जाते, एवढे खरे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. पैशांची अफरातफर, स्त्रियांशी वा मुलांशी गैरवर्तन अशा गोष्टी म्हणजे अढी नव्हेत. त्या गिळू नयेत, लेखी तक्रार करावी, गुन्हा असेल तर पोलिसांत जावे, आणि ‘क्षमा करा’ असे सांगून कोणी गप्प बसवत असेल तर त्याचे ऐकू नये.

देवाशी व्यवहार करण्याची वृत्ती सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर थोडक्यात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत मेणाचे पाय, मेणाची घरे, मेणाची बाळे अर्पण केली जातात. त्याला हसणारे आमचे प्रॉटेस्टंट लोक परीक्षेच्या आदल्या दिवशी उपास धरतात आणि निकाल बिघडला की उपासनेला दांडी मारतात. मेण वाईट नाही आणि उपासही नाही. ‘मी माझे दिले, आता तुझी पाळी’ हा भाव वाईट. प्रभूच्या प्रार्थनेतला क्रम यावर पुरेसे औषध आहे. आधी त्याचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा, आणि चौथ्या जागी आपली भाकर. आठवडाभर प्रत्येक प्रार्थनेत पहिल्या तीन मागण्यांवर तेवढाच वेळ थांबून पाहावे, जेवढा आपण चौथीवर थांबतो.

कंटाळा ही शेवटची वृत्ती, आणि माझ्या मते आजच्या काळात सर्वांत घातक. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने, जो ३९९ साली वारला, तिचे असे वर्णन केले आहे की वाचून दचकायला होते. भर दुपारी त्या संन्याशाला वाटते की सूर्य जागचा हलतच नाही. तो सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते मोजतो, मग त्याला वाटू लागते की इथल्या बंधूंमध्ये प्रेम उरलेले नाही, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी देवाची सेवा अधिक चांगली होईल. खिडकीच्या जागी मोबाईल ठेवला की हे आपलेच चित्र आहे. प्रवचन सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच अंगठा पडद्यावर सरकू लागतो, आणि वर्षभरात तीन मंडळ्या बदलून झाल्या तरी प्रत्येक ठिकाणी ‘तिथे काही मिळत नाही’ एवढाच शेरा उरतो.

यावर संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम मी अनेकांना सांगितला आहे: मन कोरडे पडलेले असताना कोणताही आधीचा निर्णय बदलू नये. मंडळी सोडायची असेल तर खुशाल सोडावी, पण ती उत्साहाच्या दिवसांतही सोडावीशी वाटते का, हे आधी पाहावे. तोवर नेम लहान करावा, पण मोडू नये. रोज तीन अध्याय वाचवत नसतील तर एकच स्तोत्र वाचावे, पण त्याच वेळी, त्याच खुर्चीत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. काही वाटले नाही तरी चालेल. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण त्यांना कित्येक वर्षे देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते; पण त्या वर्षांतही त्यांची प्रार्थना आणि काम थांबले नव्हते. मात्र झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच गेली असेल तर तो आध्यात्मिक कंटाळा समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांकडे जावे. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला दिले.

या सगळ्यावर पहारा ठेवण्यासाठी रात्री दहा मिनिटे पुरतात. दिवसातली एक गोष्ट आठवावी जिच्याबद्दल मनापासून आभार वाटतात, एक प्रसंग आठवावा जिथे जीभ किंवा मन कडू झाले, आणि तो कडूपणा वरीलपैकी कोणत्या अंगरख्यातून आला ते पाहावे. महिन्यातून एकदा हे एका माणसाला सांगावे. कॅथलिकांना पापनिवेदनाची सोय आहे; आम्हा प्रॉटेस्टंटांना बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे सांगितलेले असूनही आम्ही ते सहसा टाळतो. माणूस निवडताना कमिटीतला निवडू नये, नातेवाईक निवडू नये, आणि शक्यतो आपल्याहून वयाने मोठा निवडावा. पहिल्या भेटीत सगळे ओतण्याची गरज नाही. ‘गेले काही महिने मी उपासनेला येतो, पण आत येत नाही’ एवढे सांगितले तरी चहा निवेपर्यंत पुढचे बोलणे आपोआप निघते.