आरोप झाला, आता उत्तर द्यायचंय? कलाकारांनो, या चुका टाळा

गोव्यात कलाकाराची बदनामी व्हायला वर्तमानपत्र लागत नाही. जत्रेतला प्रयोग रद्द झाला, ऑर्केस्ट्रातल्या गायिकेने कुणाला सेल्फी दिली नाही, भजन स्पर्धेचा निकाल कुणाला पटला नाही, एवढं निमित्त पुरतं. रात्री दहाला फेसबुकवर पोस्ट पडते, अकरापर्यंत ती देवस्थानाच्या, वाड्यावरच्या आणि शाळेच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचते आणि सकाळी पाव विकायला येणारा पोदेरसुद्धा सायकल थांबवून विचारतो, "काय झालं रे?"

अशा प्रकरणांत मूळ पोस्टपेक्षा कलाकाराच्या उत्तराने जास्त नुकसान झालेलं मी अनेकदा पाहिलंय. पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. उत्तराचा स्क्रीनशॉट मात्र पुढच्या जत्रेपर्यंत फिरतो.

टीका, आरोप आणि छळ यांत गल्लत करणं

"नाटक रटाळ होतं, दुसऱ्या अंकात अर्धे लोक उठले" ही टीका आहे. "ॲडव्हान्स घेतला आणि आलेच नाहीत" हा आरोप आहे. "घरी येऊन बघतो" असा मेसेज, रात्रभर येणारे फोन, फोटोत छेडछाड करून केलेलं घाणेरडं चित्र, हा छळ आहे.

टीकेला उत्तर देण्याची गरज नसते; फार तर धन्यवाद म्हणा. आरोपाला एकदाच, नेमकं उत्तर द्यावं. छळाला उत्तर द्यायचंच नाही. त्याची नोंद ठेवायची आणि तक्रार करायची. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. रटाळ म्हटल्याबरोबर नट "माझा मानसिक छळ चाललाय" म्हणून पोस्ट घालतो, आणि गायिकेला खरीखुरी धमकी आली की मंडळातले लोक "ट्रोल आहेत गं, सोडून दे" म्हणतात.

एकाच पोस्टखाली तिन्ही प्रकार मिसळलेले असतात, ही खरी अडचण. दोनशे कमेंट असतील तर शांत डोक्याच्या एखाद्या माणसाला त्या वाचायला बसवा. स्वतः वाचू नका. धमकीच्या तीन-चार वेगळ्या काढा, आरोप नेमका काय आहे तो एका वाक्यात लिहून घ्या, बाकीचं सोडून द्या.

रात्री लाइव्ह जाणं

प्रयोग संपवून, मेकअप अर्धवट पुसून, गाडीत बसल्या बसल्या लाइव्ह गेलेला माणूस चाळीस मिनिटं बोलतो. त्यातली एकोणचाळीस ठीक असतात आणि एकात तो प्रयोग ठेवणाऱ्या उत्सव समितीच्या अध्यक्षांचा बाप काढतो. दुसऱ्या दिवशी कोणती क्लिप फिरते ते सांगायला नको. लेखी निवेदन चार जणांना दाखवता येतं, लाइव्ह दाखवता येत नाही. नटाला बोलण्याची सवय असते, समोर माणसं दिसली की आवाज चढतो. नेमकी तीच सवय इथे गोत्यात आणते.

स्टेजवरून टोमणा मारणं हा याचाच भाऊ. तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकात, कांतारातून (गाण्यातून) राजकारण्यांना चिमटे काढायची परंपरा आहे आणि लोकांना ती आवडते. पण स्वतःवरच्या आरोपाचा हिशेब दुसऱ्या गावच्या देवळासमोर, नाटकातलं वाक्य मोडून चुकता करायला लागलात तर त्या गावाला काय पडलंय? पुढच्या रांगेतले दहा मोबाइल ते टिपत असतात. मूळ आरोप करणाऱ्याला ते पोचतंच, वर नवीन समितीही नाराज होते.

सगळं बोलून काहीच न सांगणारं निवेदन

समजा, एका नाट्यमंडळाने पैसे घेऊन प्रयोग केला नाही असा आरोप झाला. अशा वेळी येणारं निवेदन साधारण असं असतं:

"काही समाजकंटक आमची बदनामी करत आहेत. गेली वीस वर्षं आम्ही रंगदेवतेची निष्ठेने सेवा करत आहोत. आजवर कुणाचा एक पैसाही बुडवलेला नाही. ज्यांची आमच्यासमोर उभं राहायची लायकी नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये. योग्य वेळी पुराव्यानिशी उत्तर देऊ."

यातलं एकेक वाक्य बघा. "काही समाजकंटक" म्हटल्यावर अख्खा तालुका नावं शोधायला लागतो. वीस वर्षांच्या सेवेचा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. "एक पैसाही नाही" हे तर घातकच, कारण ज्या वादकाचे मागच्या चतुर्थीचे पाचशे रुपये राहिलेत तो लगेच कमेंट करतो आणि मग सगळंच खोटं वाटू लागतं. "लायकी" या शब्दाचा स्क्रीनशॉट होतो. राहिली "योग्य वेळ". ती कधी येत नाही, आणि लोक ते लक्षात ठेवतात.

आता हे वाचा:

"१२ तारखेच्या प्रयोगासाठी आम्ही १५ हजार रुपये ॲडव्हान्स घेतला होता. मुख्य भूमिका करणाऱ्या कलाकाराला इस्पितळात दाखल करावं लागल्याने प्रयोग झाला नाही. त्याच दिवशी दुपारी समितीला फोन करून कळवलं होतं. पैसे अजून परत केलेले नाहीत, ही आमची चूक आहे. २० तारखेपर्यंत ते समितीच्या खात्यात जमा होतील. झाल्यावर इथेच कळवू."

एकही विशेषण नाही. तारीख, रक्कम, कारण, चूक कोणती आणि पुढे काय. आजार कोणता ते सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. भांडायला आलेल्या माणसाला इथे पकडायला जागा सापडत नाही. हे निवेदन आरोप करणाऱ्याला पटेलच असं नाही, पण गप्प राहून सगळं वाचणारा पुढच्या वर्षीचा समिती सदस्य यावरून आपलं मत ठरवतो. मात्र २० तारखेला पैसे जायलाच हवेत. नाही गेले तर निवेदनच नवा आरोप होतं.

प्रकरण पोलिसांत गेलं असेल तर एवढंही लिहू नका. आधी वकील गाठा. "तक्रारीची माहिती मिळाली आहे, तपासाला सहकार्य करू" एवढं एक वाक्य पुरे.

बनावट खात्यामागचा माणूस जाहीर करणं

गोवा लहान. "ही भाषा मला ओळखीची वाटते, हा तो अमक्या वाड्यावरचा तबलजी" असा तर्क पाच मिनिटांत तयार होतो, आणि कलाकार त्याचं नाव, कधी कधी फोटोही टाकून मोकळा होतो. अंदाज चुकला तर निरपराध माणसाची बदनामी तुम्ही केलेली असते आणि खटल्यात आरोपी तुम्ही असता. बरोबर निघाला तरी तुमच्या चाहत्यांनी त्याच्या घरावर जाऊन घातलेला गोंधळ तुमच्याच खात्यावर जमा होतो. खातं कुणाचं ते शोधणं पोलिसांचं काम. कंपनीकडून माहिती मागवायचा अधिकार त्यांना आहे.

याच भरात आणखी एक घसरण होते. भांडण पैशांचं असतं आणि तिसऱ्या कमेंटला मराठी-कोंकणी वाद उभा राहतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्याही आधीपासूनची ती जखम आहे, तिला तुमच्या मानधनाच्या भांडणात ओढू नका. जात आणि धर्म तर नाहीच. त्यावर लिहिलेल्या एका वाक्याने कायदेशीर बाजू उलटू शकते.

कायद्याची धमकी, तीही चुकीची

"६६-अ खाली आत टाकीन" असं अजूनही लोक लिहितात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मेलेल्या कलमाची धमकी दिली की समोरचा हसतो.

अब्रूनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. पण यात पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून कुणाला उचलत नाहीत. दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. भरपाई हवी तर दिवाणी दावा वेगळा, आणि त्याची मुदत एक वर्षाची. म्हणजे वर्षभर फेसबुकवर "कोर्टात भेटू" लिहीत बसलात तर कोर्टात भेटायची वेळच निघून जाते.

नोटीस पाठवण्याआधी किती लोकांनी ती पोस्ट पाहिलीय ते मोजा. गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घराचा हवाई फोटो हटवावा म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोनदा तर त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाली आणि पुढच्या महिनाभरात चार लाखांवर लोक तो बघून गेले. दावा त्या हरल्या, आणि समोरच्याचा वकिलीचा खर्चही त्यांनाच भरावा लागला. सत्तरी तालुक्यातल्या चाळीस जणांच्या ग्रुपवरच्या पोस्टला वकिलाची नोटीस पाठवून ती फेसबुकवर झळकवणारे कलाकार नेमकं हेच करतात.

लैंगिक वर्तनाचा आरोप: इथे घाई सर्वांत महाग पडते

पहिली चूक म्हणजे आरोप करणाऱ्या बाईशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट टाकणं. "बघा, तीच मला गुड मॉर्निंग पाठवत होती." यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हाच न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तक्रारदाराचं नाव आणि तक्रारीतला मजकूर प्रसिद्ध करायला मनाई करतो. नाव न घेता "आमच्या मंडळात नुकतीच आलेली, फोंड्याकडची" असं लिहिलंत तरी ओळख उघड झालीच. फोंड्याकडून नुकत्याच आलेल्या किती जणी असणार मंडळात?

दुसरी, गावातली मोठी माणसं तिच्या घरी पाठवणं. कुणी महाजन, कुणी पंच, कुणी तिच्या वडिलांचा मित्र. हेतू समेटाचा असेलही, पण तिच्या बाजूने तो दबाव दिसतो आणि तसाच नोंदवला जातो.

तिसरी, ताबडतोब अब्रूनुकसानीचा खटला. माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी २०१८ मध्ये, त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर तो घातला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं, आणि मधली दोनेक वर्षं दर तारखेला मूळ आरोप पुन्हा छापून येत राहिले.

आरोप खोटा असेल तर "मी हे नाकारतो, चौकशीला तयार आहे" एवढंच लिहा आणि खरोखर तयार राहा. मंडळात दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा आरोप मालकावरच असेल, तर अशा तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. आणि आरोप खरा असेल तर? मग निवेदनाचा कारागीर शोधू नका. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" या वाक्याने माफी होत नाही. काय केलं ते कबूल करा आणि तिचं नाव न घेता, तिला टॅग न करता माफी मागा.

छळ सुरू असताना डिलीट करत बसणं

गलिच्छ मेसेज आला की बाई तो आधी पुसून टाकते. स्वाभाविक आहे, पण पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट काढा: अख्खा, तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचं खातं दिसेल असा. पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक वेगळी जपून ठेवा, कारण नाव आणि फोटो तो तासाभरात बदलतो. व्हॉट्सॲपवरचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं. ब्लॉक करायचं ते यानंतर.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते, किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस स्थानकात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर झिरो एफआयआरची आठवण करून द्या, ती कुठल्याही पोलीस स्थानकात नोंदवता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉप एनसीआयआय ही मोफत सेवा आहे: फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो चढवायचा प्रयत्न झाला तर अडवता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या नकली आवाजाचं प्रकरण नवं असलं तरी न्यायालयं त्याकडे गंभीरपणे बघतात. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली, आणि गोव्यात पर्वरीला बसतं ते याच न्यायालयाचं खंडपीठ.

चूक होऊन गेली असेल तर

भडक पोस्ट घालून झाली आणि आता फिरतेय? गुपचूप काढू नका, आणि फेसबुकवर बदलूही नका, तिथे बदलांचा इतिहास कुणालाही उघडून बघता येतो. "रागात लिहिलेली पोस्ट काढत आहे, त्यातली भाषा चुकीची होती" असं सांगून काढा. तुमचे चाहते समोरच्यावर तुटून पडलेत? तुमच्याच खात्यावरून, स्पष्ट शब्दांत त्यांना थांबायला सांगा. आतून बरं वाटत असलं तरी. कमेंट आवरत नाहीत? सगळ्या बंद केल्यात तर लपवाछपवी वाटते. शिव्यांचे शब्द फिल्टरमध्ये टाका, इन्स्टाग्रामवर त्या दोन-चार जणांना रिस्ट्रिक्ट करा, म्हणजे त्यांच्या नव्या कमेंट त्यांनाच दिसतील.

आणि पुढचा प्रयोग ज्या गावात आहे तिथल्या समितीला आजच फोन करा. पोस्ट त्यांनी वाचलेली असते, पण विचारायला संकोचतात आणि मग ऐनवेळी "पावसाचं कारण" निघतं. काय झालं ते दोन मिनिटांत सांगा, निवेदन पाठवा, आणि प्रयोग ठेवायचा की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. ॲडव्हान्स परत मागितला तर त्याच दिवशी द्या, आणि पावती घ्यायला विसरू नका.